वाफेतली हाक

“पांढरं दिसतं ते सगळं बर्फ नव्हे,” गाडीचं दार ढकलत दाजी म्हणाले. “मी जिथं पाय ठेवीन तिथंच तू ठेवायचास. फोटोच्या नादात इकडंतिकडं सरकायचं नाही. कळलं का वैजू?”

मी नुसती मान हलवली. लेहला उतरल्यापासून माझा घसा बसला होता. बोलायला गेलं की घोगरा आवाज निघायचा आणि दोन वाक्यांत तोही संपायचा.

बाहेर पाय ठेवला आणि थंडीनं नाकातला श्वासच गोठला. समोर लांबट, उघडीबोडकी दरी पसरली होती. दोन्ही बाजूंना बर्फानं झाकलेले डोंगर, आणि मधोमध जमिनीतून वाफेचे खांबच्या खांब वर येत होते. काही बारीक, सरळ. काही गलेलठ्ठ, वाऱ्यानं वाकलेले. सगळ्या दरीला सडक्या अंड्यांसारखा गंधकाचा वास. कुठंतरी चिखल रटरटत होता, पिठलं शिजावं तसा. बाकी कसला आवाज नाही. पक्षी नाही, कुत्रं नाही.

आमचा ड्रायव्हर लोबझांग गाडीतच बसून राहिला. “इंजन चालू रखूंगा मॅडम,” तो म्हणाला. “बंद किया तो फिर उठेगा नहीं.” आणि त्यानं काच वर केली.

जागेचं नाव छुमिक कारपो. पांढरा झरा, असा त्याचा अर्थ लोबझांगनंच वाटेत सांगितला होता. लडाखच्या पूर्वेकडच्या पठारावर, रस्ता जिथं जवळजवळ संपतो तिथली ही जागा. उन्हाळ्यात चार लोक येतात. ऐन हिवाळ्यात कोणी फिरकत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुनेत्राताईचे यजमान. रघुनंदन कोरगावकर. कोल्हापुरात त्यांनी उभा जन्म भूगर्भशास्त्र शिकवलं. गरम पाण्याचे झरे हे त्यांचं वेड. निवृत्त झाल्यावर त्यांनी देशभरातल्या झऱ्यांवर एक मोठं पुस्तक करायला घेतलं. मजकूर त्यांचा, फोटो माझे. आणि आम्हा दोघांना वेळेवर खायला घालून, भांडणं सोडवून पुढं ढकलायचं काम ताईचं. उनकेश्वर, वज्रेश्वरी, राजापूरची उन्हाळी, सगळं आम्ही तिघांनी मिळून पालथं घातलं होतं. लडाखला हिवाळ्यातच जायचं, हा हट्टही ताईचाच. “उन्हाळ्यात वाफ दिसते कुठं? बर्फात बघायला पाहिजे,” असं ती म्हणायची.

आदल्या श्रावणात ताई गेली. पोटदुखीचं निमित्त झालं आणि बघता बघता सगळं आटोपलं. दाजींनी पुस्तक बाजूला टाकलं. घराबाहेर पडेनात, कोणाशी बोलेनात. आणि मग जानेवारीत एके सकाळी त्यांचा फोन आला, “लडाखची तिकिटं काढतोय. येणार आहेस ना?” त्यांच्या मुलीचा, ऋताचा, लगोलग फोन. “मावशी, तू जा बाई त्यांच्याबरोबर. एकटं सोडू नकोस.”

म्हणून मी आले होते.

दाजी पुढं, हातात लोखंडी टोकाची काठी. काठी आपटत, आवाज ऐकत, ते एकेक पाऊल टाकत होते. टणक आवाज आला की पुढं. पोकळ आला की बाजूनं. वाफेतून वर आलेले क्षार साचून जमिनीवर पांढरी पापडी धरते. ती बर्फासारखीच दिसते, पण खाली उकळतं पाणी असतं. “माणूस गेला की वर काढायलाही काही राहत नाही,” दाजींनी अगदी वर्गात सांगावं तसं सांगितलं.

मी तिपाई लावली. बॅटऱ्या मी अंगाशी, स्वेटरच्या आत ठेवल्या होत्या, कारण थंडीत त्या मान टाकत होत्या. वाफेचा झोत अंगावर आला की भिंगावर बर्फाची जाळी धरायची. ती पुसायची, पुन्हा फोटो घ्यायचा. पण दिसत होतं ते असं, की मी सगळं विसरले. झऱ्यांच्या काठाला पिवळीधमक किनार, पाण्यात हिरवंगार शेवाळ, आणि त्याला लागून गुडघाभर बर्फ. सुकल्या गवताच्या प्रत्येक काडीवर वाफ गोठून काचेची पिसं झाली होती.

“दाजी, हे बघा,” मी घोगऱ्या आवाजात म्हटलं.

बर्फात एकामागून एक काळे ओले ठिपके होते. पावलाएवढेच. डावं, उजवं, डावं. आमच्यापासून सुरू होऊन ते सगळ्यात मोठ्या वाफेच्या दिशेनं गेले होते. परत आलेले नव्हते.

दाजी वाकले. हातमोजा काढून त्यांनी एका ठिपक्यावर तळवा ठेवला. “गरम आहे. खाली भेग असणार. भेगेच्या रेषेनं वाफ वर येते आणि तेवढाच बर्फ वितळतो.”

“पावलांसारखे दिसतायत.”

“दिसतात खरे,” ते म्हणाले. पण हात त्यांनी लगेच उचलला नाही.

मुक्काम जवळच्या वस्तीत एका म्हाताऱ्या बाईच्या घरी होता. सगळे तिला आमाले, म्हणजे आई, म्हणायचे. संध्याकाळी तिनं बुखारी, म्हणजे शेणाच्या गोवऱ्यांची शेगडी, पेटवली, लोण्याचा खारट चहा दिला आणि ती गोठ्याकडं गेली. मी कॅमेरा अंगाशी धरून दिवसभराचे फोटो बघत बसले. दाजी शेजारी.

एका फोटोपाशी माझं बोट थांबलं.

मोठ्या वाफेत, अगदी मधोमध, काहीतरी उभं होतं. काळसर, उभट. पुढच्या फोटोत होतं, त्याच्या पुढच्यातही होतं. वाफ हलत होती, पण ते जागचं हललं नव्हतं. खडक असेल असं मला वाटलं. पण त्या जागेकडं मी डोळ्यांनी तासभर बघत होते. तिथं खडक नव्हता.

मी पुढं सरकवायला गेले तोच दाजी म्हणाले, “थांब. मोठं कर.”

मोठं केलं. कडा विरघळल्या. ते माणसासारखंही दिसत होतं आणि नव्हतंही.

“सावली असेल माझी,” मी म्हटलं. “वाफेवर पडते कधीकधी.”

“सूर्य समोर होता,” दाजी म्हणाले. “सावली मागं पडायला हवी.”

“मग रानगाढव असेल. उबेला येतात म्हणे.”

“असेल.”

बुखारीतलं शेण चुरचुरत होतं. मग माझ्याकडं न बघता ते म्हणाले, “तू बोलतेस ना वैजू, तेव्हा मला दचकायला होतं. अगदी तिचा आवाज. फोनवर तर मी कितीदा फसलोय. हल्ली घसा बसलाय तुझा, ते एका अर्थी बरंच झालं.”

मी कॅमेरा बंद करून ठेवला.

सकाळी ऊन डोंगरावर चढायच्या आत आम्ही दरीत पोचलो. रात्री नवीन बर्फ पडला होता. आदल्या दिवशीच्या आमच्या सगळ्या खुणा बुजल्या होत्या. ते काळे ठिपके तेवढे तसेच होते.

माझा आवाज आता पुरता गेला होता. नुसता श्वास निघत होता. मी तिपाई जुन्याच जागी, टणक जमिनीवर लावली. दाजी काठी टेकवून उभे राहिले. वारा पडला होता, त्यामुळं वाफ वाहून न जाता जागीच साचत चालली होती. बघता बघता समोर पांढरी भिंत उभी राहिली.

आणि मागून डोंगरावरून ऊन आलं.

भिंतीवर एक प्रचंड माणूस उमटला. काळा, डोकं लहान, पाय लांबच लांब, आणि डोक्याभोवती इंद्रधनुष्याचं कडं. मी हात वर केला. त्यानंही केला. माझीच सावली होती. असं होतं हे मी ऐकून होते, बघत पहिल्यांदाच होते. मी घाईघाईनं फोटो घ्यायला लागले. असं दृश्य जन्मात एकदा मिळतं.

“वैजू,” दाजी हळूच म्हणाले. “तुला किती दिसतात?”

मी एक बोट दाखवलं. अशा सावलीत ज्याला त्याला आपलीच दिसते.

“मलाही एकच दिसते,” ते म्हणाले. “मी हात वर केला. तिनं केला नाही.”

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांचा हात खरोखरच वर होता. चेहरा शांत होता, आणि त्या शांतपणाचीच मला भीती वाटली. ऋताचे बाबा, वर्गात अर्धा तास खडूनं पापडीची जाडी समजावणारे दाजी, त्या क्षणी तिथं नव्हतेच.

“बघून येतो फक्त,” ते म्हणाले. शेजारच्या खोलीत डोकावून येतो म्हणावं, तसं. त्यांनी काठी बर्फात खोचली, तिथंच सोडली, आणि त्या ठिपक्यांच्या रेषेनं चालायला लागले.

काठी न आपटता. आवाज न ऐकता.

मी ओरडले. म्हणजे तोंड उघडलं. घशातून हवेची एक शीळ तेवढी निघाली. पुन्हा जीव खाऊन ओरडले, तर गंधकाची गरम वाफ आत गेली आणि मला ढास लागली. गाडी मागं लांब, काचा वर, इंजिन चालू. लोबझांगला काही कळणं शक्यच नव्हतं. मी कॅमेरा तिथंच टाकला आणि त्यांच्या मागं धावले.

पाच-दहा पावलांत वाफेनं मला गिळलं. माझा हातही मला दिसेना. अंगाला गरम ओल, आणि पापण्यांवर मात्र बर्फ. चारी बाजूंनी फुसफुस, जसं कोणी कानाशी कुजबुजतंय आणि शब्द लागत नाहीत. दाजी कुठल्या बाजूला गेले? मी थांबले. पायाखालची जमीन डांबरासारखी मऊ लागत होती. पाऊल पुढं टाकावं तर धीर होईना, मागं वळावं तर दाजी आत होते. मी तशीच उभी राहिले, तोंड उघडं, आणि आवाज नाही. स्वप्नात होतं तसं.

मनातल्या मनात मी ताईला हाका मारल्या, हे मला आठवतं. ताई, सोड त्यांना. ताई, पाठव त्यांना परत.

एकाएकी समोरची वाफ फाटली आणि दाजी बाहेर आले. चालत नव्हते. धावत होते. बेभान, डोळे ताठ. थेट माझ्या अंगावरच आले, माझा दंड धरला आणि मला असं हिसकलं की माझा खांदा आठवडाभर ठणकत होता. त्यांनी मला फरफटत नेलं. आम्ही दोघं टणक बर्फात येऊन आदळलो. मागं कुठंतरी ओल्या पिठाचं पोतं पडावं तसा बद्दकन आवाज झाला, आणि वाफेचा एक नवा खांब फुसकारत वर गेला.

दाजी धापा टाकत होते. त्यांनी माझे खांदे धरले.

“हाक मारलीस तू?”

मी त्यांच्याकडं बघत राहिले.

“वैजू, तू हाक मारलीस का?”

मी हाक मारली नव्हती. मारताच आली नव्हती. मग यांना काय ऐकू आलं, ते मला त्याच क्षणी कळलं. नाही म्हटलं असतं, तर ते उठले असते आणि पुन्हा आत गेले असते. याची मला पुरेपूर खात्री होती. त्यांची नजर तेव्हाही वाफेकडंच वळत होती.

मी मान हलवली. हो.

“तू?”

मी छातीवर हात ठेवला. हो, मीच.

त्यांनी माझ्याकडं जे बघितलं, ते मी कधीच विसरले नाही. त्यात राग नव्हता. कळत नाही अशा गोष्टीकडं माणूस बघतो, तसं ते बघणं होतं. मग ते उठले, मला उठवलं आणि गाडीकडं चालायला लागले. मी कॅमेरा आणि तिपाई गोळा केली. काठी तशीच राहिली.

गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की माझ्या बुटांचे तळवे मेणासारखे मऊ झालेत आणि मोजे कढत ओले आहेत. लोबझांगनं आरशातून आमच्या चेहऱ्यांकडं बघितलं आणि काही विचारलं नाही. त्यानं हीटर वाढवला आणि गाडी वळवली.

परतल्यावर पुस्तक बंदच पडलं. दाजी कोल्हापूरचं घर आवरून बेळगावला ऋताकडं राहायला गेले. मी फोन केला की, “बरा आहे. तू बरी आहेस ना?” एवढंच बोलायचे आणि फोन ऋताच्या हातात द्यायचे. लग्नकार्यात भेटले तर लांबूनच हसायचे. मी समजायचं ते समजले. ताईच्या आवाजात हाक मारून मी त्यांना फसवलं, असं त्यांना वाटत असणार. ज्या माणसाला आपली गेलेली बायको भेटणार होती, त्याला मेव्हणीनं तिची नक्कल करून मागं ओढलं. कोण क्षमा करेल?

माझं दुःख मात्र वेगळंच होतं. ते मी कोणाला सांगितलं नाही. त्या दिवशी ताईनं हाक मारली होती, आणि मी तिथंच होते. तिला मी माझ्या मनात जिवाच्या आकांतानं बोलावत होते. पण मला काहीच ऐकू आलं नाही. तिनं त्यांना हाक मारली. मला नाही. बायको नवऱ्यालाच हाक मारणार, हे कळत असूनही ते सलत राहिलं.

अशी वर्षं गेली. मागच्या माघात ऋताचा फोन आला. बाबांना आता नीट दिसत नाही, मावशी येऊन जा. मी गेले.

दुपारची वेळ होती. ऋता शाळेत शिकवायला गेली होती. मागच्या गॅलरीत दाजी खुर्चीवर बसून हातानं चाचपत मटार सोलत होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि शेंगा सोलायला लागले. थोडा वेळ आम्ही ऋताच्या मुलाबद्दल, महागाईबद्दल बोललो. मग मला राहवेना.

“दाजी, एक सांगायचंय. त्या दिवशी छुमिकला मी हाक मारली नव्हती.”

त्यांचे हात थांबले नाहीत. “मला माहितेय.”

“कसं?”

“अगं, स्वतःच्याच नावानं कोण हाक मारतं?”

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

“मला नाही बोलावलं तिनं,” दाजी म्हणाले. “मी आत चाललो होतो. समोर ती दिसत होती, का आणखी काय होतं, देव जाणे. आणि पाठीमागून तिचा आवाज आला. ‘वैजू, मागं सर!’ मी वळलो. वाफ जरा हलली, तर तू पापडीवर उभी. तुझ्या बुटांभोवती पाणी वर येत होतं आणि तुला पत्ता नाही. मला दुसरं काही सुचलं नाही. तुझ्याकडं पळत आलो. तुला ओढलं आणि मागं ती जागा खाली गेली. तू ऐकलंस की तो आवाज.”

“मला वाटलं, तुम्ही होता तिथली जागा गेली.”

“माझ्या पायाखाली दगड होता. पक्का. नंतर विचार केला तेव्हा कळलं. मला काहीच झालं नसतं.”

बोळातून एक फेरीवाला ओरडत गेला.

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“तू हो म्हणालीस ना. मी तुला विचारलं आणि तू छातीवर हात ठेवून हो म्हणालीस. आता मी काय समजायचं? मला वाटलं, माझं डोकं फिरलंय. माझ्यामुळं तू मरता मरता वाचलीस, आणि मी तुला भुताच्या गोष्टी सांगू? ऋताला कळलं असतं तर तिनं मला डॉक्टरकडं नेलं असतं.” ते किंचित हसले. “आणि पुढं तुझा घसा बरा झाला. फोनवर तू ‘दाजी’ म्हणालीस की तो आवाज पुन्हा तसाच कानात यायचा. मी फोन ऋताला देऊन टाकायचो. भ्यालो मी, वैजू. दुसरं काही नाही.”

मी डोळे पुसले. मग विचारलं, “कशी म्हणाली?”

“म्हणजे?”

“प्रेमानं? घाबरून?”

“रागावून,” दाजी म्हणाले. “चांगलीच रागावून. अक्कल नाही का तुला, अशा थाटात.”

मला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात मी रडायलाही लागले. दाजींनी हात पुढं केला. तो हवेतच चाचपडला, मग माझ्या डोक्यावर येऊन टेकला.

“पुन्हा एकदा म्हणून दाखवा,” मी म्हटलं. “जशी ऐकलीत तशीच.”

“मला कुठं तिच्यासारखं जमतंय!”

“जमेल तसं.”

दाजींनी मांडीवरचं ताट बाजूला ठेवलं. डोळे मिटले. आणि त्या थकलेल्या, पुरुषी आवाजात, पण शब्दावर तिचाच जोर देत, ते मोठ्यानं ओरडले, “वैजू, मागं सर!”

मी बसल्या जागी मागं सरकले.